एका वुजूत दोन नमाज

"अहो, उठा. झोप लागली, म्हणजे वुजू तुटला. नमाजाआधी पुन्हा हातपाय धुवा."

आरामखुर्चीत रेललेल्या बदरुद्दीनभाईंनी एक डोळा उघडला. महाबळेश्वरचा डिसेंबर, त्यात वीज गेल्यामुळे गिझर बंद. संध्याकाळचा वुजू रात्रीच्या इशाच्या नमाजापर्यंत पुरवायचा त्यांचा बेत होता.

"झोपलो कुठे? डोळे मिटून बसलो होतो."

"घोरत होतात."

"अल्लाचं नाव घेत तस्बीह पढत होतो. सगळं ऐकू येत होतं मला."

"सगळं?" जुलेखाबींनी पदर सावरला. "मग बरं झालं. मघाशी मी विचारलं, माझ्या अम्मीला दोन महिने इथे बोलावू का, तर तुम्ही 'हूं' म्हणालात. कळवते तिला."

बदरुद्दीनभाई ताडकन उठले. बाह्या सरकवून मोरीत शिरले. हात, तोंड, कोपरं, डोकं, पाय. गार पाण्याच्या प्रत्येक तांब्यासरशी आतून "आई गं!" ऐकू येत होतं.

कुडकुडत बाहेर आले, तर जुलेखाबी टॉवेल घेऊन दारातच उभ्या.

"आता चांगले जागे आहात ना? मग परत विचारते."