लंगड्याची सोय

अकोल्यातल्या वकिलांच्या एका क्लबाने १९५८ साली, एक पाय गमावलेल्या मोरोपंतांसाठी खुर्चीसारखी बैठक आणि धरायला लोखंडी दांडा असलेला संडास बांधला. तिथे उकिडवं बसावं लागत नाही हे कळताच रोज बॅडमिंटन खेळणारे धट्टेकट्टे वकील पेपर घेऊन आत बसू लागले. मोरोपंत कुबडीवर रेलून बाहेर ताटकळायचे. दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "पंत, जरा दम धरा."

पुढे मोरोपंत वारले. क्लबच्या भाड्याच्या जागेचा मालक म्हणाला, "आता कोणी लंगडं नाही, तर तो संडास पाडून टाकतो." क्लब हादरला. एवढं दुःख पंतांच्या शोकसभेतही कोणाला झालं नव्हतं. आठवड्याभरात मंडळींनी पातूरहून नत्थुजी नावाचा, एका पायाने अधू माणूस शोधून आणला आणि दारावर चौकीदार म्हणून नेमला. संडास वाचला.

पहिल्याच दिवशी नत्थुजीने विचारलं, "सायेब, मले जा लागते. थो खुर्चीचा संडास कुठं हाये?"



"तो मेंबरांसाठी आहे," रविकांत वकील पेपर उचलत म्हणाले. "नोकरांचा मागे. पायऱ्या चढून जा."