भिंतीवरचा ड्रॅगन

शाळेतून आलेली अक्षता खोलीच्या दारातच थबकली. पलंगामागची भिंत लख्ख झाली होती.

सिद्धेश्वरी ओलं फडकं घेऊन तिथंच उभी होती. दसऱ्याची झाडलोट काढली होती तिनं. पलंग ओढला तर मागं पेन्सिलच्या रेघोट्या दिसल्या, त्या तिनं साबणाच्या पाण्यानं घासून घासून घालवल्या. आपण काहीतरी चांगलं केलं, असंच तिला आत्तापर्यंत वाटत होतं.

"तो ड्रॅगन होता," अक्षता भिंतीकडं बघत म्हणाली.

रडली नाही, ओरडली नाही. दप्तर ठेवलं आणि पाठ करून पलंगावर बसली.

उन्हाळ्यात लग्न होऊन सिद्धेश्वरी अक्कलकोटकडून जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये आली. महेश्वरच्या पहिल्या बायकोची ही मुलगी तिच्याशी कधी वाकडं बोलली नव्हती. फक्त हाक मारावी लागणार नाही अशी वाक्यं शोधून बोलायची. 'पाणी संपलंय.' 'वेणी घालायची राहिलीय.' आई नाही, काकू नाही, काहीच नाही.

"मी काढून देते की परत," सिद्धेश्वरी म्हणाली.

"ड्रॅगन येतो?"

"न्हाय. तू सांग, मी काढते."

अक्षतानं न वळता पेन्सिल पुढं केली. सिद्धेश्वरीनं ती घेतली नाही. गॅलरीतून तिनं ग्रिलला लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट आणि ब्रश आणला. चमच्याच्या दांड्यानं डब्याचं झाकण उचकटलं, रंगावर धरलेली साय बाजूला केली.

आता मात्र अक्षता वळली. "हा निघत नाही."

"म्हणूनच आणला. उद्या परत मला पुसायचं खूळ लागलं तर पंचाईत नको."

महेश्वर या भिंतींना कॅलेंडरसाठी खिळासुद्धा मारू देत नसे. दोघींनाही ते माहीत होतं.

सिद्धेश्वरीला रांगोळी येत होती, ठिपक्यांची. बिनठिपक्यांच्या भिंतीवर सुरुवात कुठून करायची, तेच तिला कळेना. धीर करून तिनं एक पाठ काढली, चार पाय काढले, तोंड काढलं आणि मागं सरून बघितलं.

"अय्यो, ही तर घोरपड झाली!"

मागून खुसखुस ऐकू आली. अक्षता तोंडावर हात दाबून बसली होती. "घोरपड कुठंय? म्हैस आहे ती. पोटावर झोपलेली."

मग ती उठून भिंतीपाशी आली. "मान मोराची करायची, अंग सापाचं आणि पंख वटवाघळाचे. सोपं असतं."

"आणि राग कुणाचा?"

"रागीट नसतो तो. लोकांना उगाच वाटतं."

"मग आग का वकतो?"

अक्षतानं विचार केला. "थंडी वाजते त्याला."

सिद्धेश्वरीनं ब्रश बुडवला. म्हशीला मान फुटली, मानेवर काटे आले. वळण चुकायला लागलं की छोटा हात तिचं मनगट धरून ब्रश वळवत होता. पंख कपाटापर्यंत पसरले. जरा जमायला लागल्यावर तिनं उत्साहानं ब्रश डोक्याकडं नेला.

"अगं, डोळा नको आत्ता!" अक्षता ओरडली. "डोळा शेवटी. आधी काढला तर तो बघत बसतो आपल्याकडं, मग हात चुकतो."

ते 'अगं' ऐकून सिद्धेश्वरीचा हात तसाच हवेत राहिला. रंगाचा एक थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तरी तिला कळलं नाही.

"काय झालं?" अक्षतानं विचारलं.

"कुटं काय? शेपटी कुटवर न्यायची, सांग."

"जागा आहे तोवर."

जागा पुष्कळ होती. शेपटी पलंगामागून निघाली, खिडकीखालून गेली, कोपऱ्यात वळली आणि दारापाशी भिंत संपली तेव्हा खाली उतरून उंबऱ्यावर आली. तिथं टोकाला अक्षतानं बाण काढला. मग पलंगावर चढून, जीभ दातांत धरून, डोळाही तिनंच काढला.

संध्याकाळी महेश्वर ऑफिसातून आला. घरभर रंगाचा वास होता. हेल्मेट हातात घेऊनच तो खोलीच्या दाराशी आला आणि जागीच थांबला. त्यानं भिंत बघितली, मग कोपरापर्यंत हिरवी झालेली बायको बघितली.

"हे काय? कुणी केलं हे?"

सिद्धेश्वरीनं पदर सावरला. चूक कबूल करायला तिनं तोंड उघडलं, पण अक्षता तिच्या पुढं येऊन उभी राहिली.

"आम्ही दोघींनी. आणि पप्पा, आत येऊ नका अजून. शेपटी ओली आहे."