दोन टिचक्या

जानेफळच्या त्या विहिरीवर व्होल्टेज कधी पुरलंच नाही. मोटारीला लागायचे चारशे पंधरा, काटा तीनशेवर अडकायचा. जानराव मीटरच्या काचेवर दोन टिचक्या मारत, मगच मोटार सुरू करत.

"तुहं यंत्र कधी बसवतं, प्रसेन?" ते फोनवर विचारत. कमी व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटवर संशोधन करणारा त्यांचा मुलगा प्रसेनजित दोन वर्षं एकच सांगत राहिला, "प्रबंध होऊ द्या."

जानराव गेले. पुण्यानुमोदन उरकल्यावर, भर दुपारी, लाइन बंद करून त्यानं यंत्र बसवायला घेतलं. सुट्या वायरी अजून त्याच्या हातातच होत्या.

पेटीतली मीटरची काच वाजली. टक, टक.

काटा सरसर चढला आणि पुऱ्या चारशे पंधरावर थांबला.

मागून आई म्हणाली, "दाब न बटन. आणखी किती थांबवतं त्यायले?"