चौसष्ट खड्डे

"म्हंजे गच्चीवरचं पावसाचं पानी तुमी पायपानं जमिनीत सोडून देनार," पार्वताबाई म्हणाल्या. "अन् खाली तं सारं खारं हाये. मंग त्या गोड्या पान्याचं काय होईन?"

ओसरीवर पसरलेल्या नकाशावर, तो काढणाऱ्या गौरांगचं बोट सतरा नंबरच्या घरावर थांबलं. हे घर पार्वताबाई आणि जानरावांचं होणार होतं. अकोल्याला खेटून असलेलं आपलं चार एकर वावर द्यायचं आणि तिथेच उभ्या राहणाऱ्या हरित वसाहतीत दोन घरं घ्यायची, असं ठरत आलं होतं. संमतीचा कागद जानरावांच्या मांडीवर होता. कंपनीच्या नितेशने पेनाचं टोपण कधीचंच काढून ठेवलं होतं.

गेल्या तासाभरात गौरांगने सौरदिवे सांगितले, कडुनिंबाचे रस्ते सांगितले, वारा बघून वळवलेल्या खिडक्या सांगितल्या. त्यातलं काही खोटं नव्हतं. खिडक्यांसाठी तर तो वैशाखाच्या उन्हात कागद घेऊन या वावरातून हिंडला होता. हा एक प्रश्न तेवढा कुणी विचारू नये, असं त्याला सकाळपासून वाटत होतं. कंपनीत तो कुणाला सुचला नव्हता. इथे तांदूळ निवडता निवडता एका बाईने विचारला.

उत्तर त्याला चांगलं ठाऊक होतं. खाऱ्यात गोडं ओतलं की तेही खारंच होतं. म्हणूनच पहिल्या आराखड्यात त्याने प्रत्येक घराखाली टाकी काढली होती. चार महिने पडणारं पाणी बारा महिने प्यायला पुरलं असतं. मोठे साहेब म्हणाले, टाक्यांचं लफडं नको, हरित वसाहतीच्या प्रमाणपत्रासाठी पाणी जिरवल्याचे गुण दाखवा. गौरांगने स्वतःच्या हाताने टाक्या खोडल्या आणि पाणी जिरवायला चौसष्ट खड्डे काढले. हूं की चूं केलं नाही. दुपारी डबाही नेहमीसारखा खाल्ला.

"साहेब सांगतीन ना," नितेश म्हणाला. "त्यायनंच तं काढलं हाये सारं."

"तुमी कुठचे म्हना, भाऊ?" जानरावांनी विचारलं.

"अमरावतीचा."

"शहरातले हायेत थे," जानराव बायकोला म्हणाले. "यायले खारपान कसं ठाव असन?"

आयती पळवाट मिळाली होती. पण आपल्याला काही ठाऊक नाही, हे ऐकून घेणं गौरांगच्या स्वभावात नव्हतं. "आत्या दर्यापूरची माझी," तो बोलून गेला. "उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच."

पार्वताबाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या सरकून पुढे आल्या.

"दर्यापूर म्हंजे आपल्यावानीच खारपान. मंग तं तुमाले सांगाची गरजच नाई. दूध टाकलं का चहा फाटते त्या पान्यात. तुमीच सांगा आता. तुमी म्हनान तसं."

गौरांगने नितेशकडे पाहिलं. नितेश नकाशाचं टोक सरळ करत होता.

"काकू," गौरांग म्हणाला, "पाच-सहा पावसाळे गेले की खालचं पाणी हळूहळू गोडं होतं."

बैठकांमध्ये लावायचा तोच गुळगुळीत आवाज लागला होता. पार्वताबाईंनी आता हटकावं, भांडावं, वाटल्यास चार शिव्या घालाव्यात, असं त्याला मनापासून वाटलं. त्यांनी नुसती मान डोलावली. जानरावांनी वडिलांच्या नावासकट सावकाश सही केली. गौरांगचे कान तापले. शाळेत कॉपी करताना सापडला होता तेव्हाही त्याला स्वतःची इतकी लाज वाटली नव्हती. तेव्हा निदान कुणीतरी पकडलं होतं.

चहाला तो थांबला नाही.

"मस्त सांगतलं, साहेब," गाडी सुरू करताना नितेश म्हणाला. "त्या दर्यापूरनंच काम झालं पाहा."

गाडी वळते न वळते तोच पार्वताबाई हात करत रस्त्यावर आल्या. त्यांच्यासोबत शेजारच्या चतुराबाई होत्या. त्यांचं वावर जानरावांच्या धुऱ्याला लागून. तीन महिने नितेश त्यांच्या घरी खेटे घालत होता आणि त्या संमतीच्या कागदाला हात लावायला तयार नव्हत्या. आज तो कागद त्यांनी स्वतःच घडी करून आणला होता.

"पोरगा आपल्यासारखाच खारं पानी पेलेला हाये," पार्वताबाई त्यांना सांगत होत्या. "थो आपल्याले कावून फसवन?"

चतुराबाई खिडकीशी वाकल्या. गौरांगला काच खाली करावी लागली.

"पार्वताले जे सांगतलं, थे मले बी सांगा, भाऊ."

नितेशने गाडी बंद केली.

"अन् जरा मोठ्यानं सांगा," चतुराबाई म्हणाल्या. "मले कमी आयकू येते."