भाकरीआधीची कबुली

याकोब काठी टेकत चर्चमध्ये आला आणि तिसऱ्या बाकावर बसला. रोहिणीने वळून पाहिलं नाही. मांडीवरच्या तेजूच्या रिबिनीची गाठ ती पुन्हा सोडून बांधत राहिली.

"आई, दुखतं."

"झालं ग राणी."

आठ महिने तिने या रविवारची वाट पाहिली होती.

याकोबचा जेल रोडला पत्त्यांचा क्लब होता, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर. त्याच्याच जिन्याखाली दीड वर्षापूर्वी रोहिणीचा नवरा योगेश डोकं फुटून पडलेला सापडला. याकोबने पोलिसांना सांगितलं, दर शनिवारचं गिऱ्हाईक होतं, हरला, प्यायला, पडला. फाइल बंद झाली.

मग चर्चची मंडळी बसली. जुगाऱ्याला कबरस्तानात भिंतीकडेची जागा, आणि घंटा वाजणार नाही, असं ठरलं. त्या ठरावावर पंचांपैकी पहिली सही रोहिणीच्या बाबांनी, साळवे सरांनी, केली. "जावई असला म्हणून नियम वाकत नाही," साळवे सर म्हणाले, तेव्हा लोकांनी मान खाली घातली. असा माणूस आता होणे नाही, असं जो तो म्हणाला.

रोहिणीने बाबांना दोष दिला नाही. त्या शनिवारी, दर शनिवारची घरोघरची प्रार्थनाफेरी अर्धी टाकून, तेच सगळ्यांआधी धावत आले होते. घाईत शर्टाची बाही कुठेतरी अडकून फाटली होती. त्या फाटक्या बाहीत तोंड खुपसून ती रडली होती. तेजू तेव्हा दीड वर्षाची होती, आजोबांच्या खिशातलं पेन ओढत होती.

दोष याकोबचा होता. योगेश पडला नाही, याकोबने किंवा त्याच्या माणसाने त्याला ढकललं, अशी तिची खात्री होती. याकोबला ती सोडणार नव्हती.

त्याचं लिव्हर गेलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत, हे कळलं त्या दिवशी ती डबा घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"तू? मला खायला घालतेस?"

"भात गार होतोय, याकोबमामा."

दर बुधवारी डबा. डब्यानंतर एक स्तोत्र. याकोबला मंडळीतून काढून वीस वर्षं झाली होती. मरण्याआधी एकदा प्रभुभोजन घ्यावं आणि बायकोशेजारी पुरलं जावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. तिने ती इच्छा मुठीत धरली. काढलेल्या माणसाला परत यायचं तर सगळ्या मंडळीसमोर उभं राहून कबुली द्यावी लागे, आणि तिथे अर्धीमुर्धी कबुली चालत नसे. त्याशिवाय पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर हातावर ठेवत नसत.

"सगळं सांगू?" मागच्या बुधवारी त्याने विचारलं. "नक्की, पोरी?"

"सगळं. नावासकट."

डबा तसाच राहिला.

बाबांना हे आवडलं नव्हतं. "सूड घेणं आपलं काम नाही, बाळा. क्षमा कर. नाहीतर त्याची कबुली आम्ही पंच ऑफिसात ऐकून घेतो. मरता माणूस आहे, चारचौघांत कशाला उभा करायचा?"

"योगेशलाही चारचौघांतच जुगारी म्हटलं, बाबा. तो तर मेलाच होता."

बाबा उठून आत गेले.

शेवटच्या बाकावर उजमा बसली होती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, डोक्यावरून ओढणी. रोहिणीची शाळेतली मैत्रीण, आता पोलीस उपनिरीक्षक.

"चपला काढायच्या का ग तुमच्यात?" दारातच तिने विचारलं होतं.

"नको. मागे बस. त्याने नाव घेतलं की उभी राहा. ज्याने केलं त्याला इथूनच न्यायचं, सगळ्यांदेखत."

"तू प्रार्थनेला आलीयेस की शिकारीला?"

"आज दोन्हीला."

घंटा झाली. पाठ वाचायला नेहमीप्रमाणे साळवे सर उठले. वधस्तंभाखाली बसून शिपायांनी प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तो भाग. दरवर्षी तरुणसंघाला ते हेच सांगत, की जुगाऱ्याच्या डोक्यावर कोण मरतंय, हे तो मान वर करून बघत नाही. आज वाचताना त्यांचा आवाज दोनदा बसला. जावयाची आठवण आली असेल, म्हणून मंजुषाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. खाली उतरताना सर याकोबपाशी वाकले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. याकोबने मान हलवली. सर पहिल्या बाकावर जाऊन बसले.

पाळकसाहेबांनी याकोबचं नाव घेतलं.

तो उठला. काठीवर भार टाकून त्याने मंडळीकडे तोंड केलं.

"तेवीस वर्षं क्लब चालवला. लोकांच्या पोरांच्या ताटातलं ओढून घेतलं. ते देवाला माहीत आहे, तुम्हालाही." तो थांबला, श्वास घेतला. "योगेशबद्दल मात्र मी खोटं बोललो. तो प्यायला नव्हता. जिन्याच्या तोंडाशी झटापट झाली. त्याने ज्याची बाही धरली होती त्याने हिसडा दिला, आणि तो गेला खाली."

बाकांवर कुजबुज झाली. रोहिणीने तेजूला छातीशी धरलं आणि मागे वळून पाहिलं. उजमा उभी होती.

"कोणी दिला हिसडा?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाव घ्या, मामा," रोहिणी म्हणाली.

याकोबने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"योगेशने माझ्याकडे पत्त्याला कधी हातही लावला नाही, पोरी." मग त्याने मान पहिल्या बाकाकडे वळवली. "तो दर शनिवारी तुम्हाला घरी न्यायला यायचा ना, सर?"