कापलेलं नाव

पोलीस ठाण्यात जगन टेबलावर हात आपटत होता. तलाठी लेकीनं चोरीच्या वाळूचे ट्रॅक्टर धरले म्हणून घराचा पत्ता मोबाईलवर फिरला अन् भरदुपारी लोक दगड घेऊन आले. डोक्यात दगड लागलेली त्याची बायको पारुबाई हिंगोलीच्या दवाखान्यात नेईस्तोवर गेली. “दगडवाले सापडले, साहेब. पत्ता टाकणारा काहून मोकळा? त्याला सजा झाली पाहिजे.” लेकीनं आणलेली प्रिंट जमादारानं पुढं सरकवली. “पह्यली पोस्ट ही. टाकणाऱ्याचं नाव वरून कापलंय. मॅडम, पूर्ण आणा.” “माझ्याकडं एवढंच आहे,” लेक खाली बघत म्हणाली. जगननं चष्मा लावला. फोटोत उंबऱ्यावर पारुबाई, हातात पेढ्यांचा डबा. खाली पत्ता अन् ओळ: ‘लेक तलाठी झाली, कोणाचंबी काम असलं तर घरी या.’ लेकीला नोकरी लागली त्या दिवशी तांड्याच्या ग्रुपवर हे त्यानं स्वतःच टाकलं होतं. “माझं नाव लिवा, साहेब...” लेकीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.