लायकीप्रमाणे अँपियर

ब्रेकर पुन्हा पडला. शिपायानं स्टुलावरून न उठता तो वर केला. सकाळपासून चौतिसावी वेळ. त्याची नेमणूकच तेवढ्यासाठी झाली होती.

वायरमन देवाजीनं बोर्ड उघडला. खाली कोपऱ्यात साऱ्या ऑफिसनं थुंकलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा, वर मऊ पडलेल्या वायरचा जळका वास. उपसंचालक चंपतरावांच्या खोलीत दोन टनांचा एसी होता. वायर पंख्याची. ब्रेकर दहा अँपियरचा.

"चार एमएमची तांब्याची वायर पाहिजे, अन् पंचवीसचा ब्रेकर," तो हेडक्लार्क मधुकररावांना म्हणाला. "नाही त आग लागते, बडेबाबू."

मधुकररावांनी टेबलाच्या काचेखालचा तक्ता दाखवला. स्वतः टाइप केलेला. संचालक, पंचवीस. उपसंचालक, दहा. कायम वायरमन, पाच. रोजंदारीपुढे आडवी रेघ.

"पंचवीस मोठ्या साहेबाचा आहे गा. उपसाहेबाले कसा देऊ?"

"पण एसी त दोघायचा सारखाच आहे."

"एसी सारखा आहे. साहेब सारखे आहेत काय?"

देवाजी अकरा वर्षं रोजंदारीवर होता. त्याला कायम करण्याची फाइल याच टेबलावर, पानाच्या डब्याखाली होती. मधुकररावांनी डबा उचलून ती दाखवली.

"पंचवीस बसवशील, त हे फाइल विसरून जाय."

मंगळवारी वायरीतून धूर निघाला. शिपायानं तरीही ब्रेकर वर केला. देवाजीनं त्याला दंडाला धरून उठवलं, मेन बंद केला, मोठ्या साहेबांसाठी राखून ठेवलेला पंचवीसचा ब्रेकर स्टोअरमधून काढला आणि नव्या वायरीसकट बसवून टाकला. एसी बिनतक्रार चालू झाला.

म्हणून चौकशी बसली.

ब्रेकर काढायचा तर तो निकामी दाखवावा लागणार. तो तर उत्तम चालत होता. तीन बैठकांनंतर मधुकररावांनीच तोडगा काढला. ब्रेकर साहेबाशी जुळत नसेल, तर साहेब ब्रेकरशी जुळवावा. चंपतरावांना बढती मिळाली. पेढ्यांचा खोका देवाजीच्या फाइलीवर ठेवला होता. तुपकट झालेली फाइल खोक्याबरोबरच केराच्या टोपलीत गेली.

देवाजीनं आपला पेढा खर्ऱ्याच्या कोपऱ्यात थुंकला आणि सीताबर्डीवर खरेदीला गेला.

कोराडीच्या बसमधून उतरून तो झोपडीत आला आणि लगेच भिंतीवर पाच अँपियरचा ब्रेकर बसवू लागला.

"हे काय लावून राहिले जी?" बायकोनं, रंभानं विचारलं.

"पहिले ब्रेकर बसवा लागते. मंग परमनंट करतेत."

दारातून वीजघराच्या चिमण्या दिसत होत्या. स्क्रू नीट दिसावा म्हणून रंभानं कंदील वर धरला. वस्तीत वीज अजून यायची होती.